समालोचक : आवाज कुणाचा?

(गणेशोत्सवातील भाषणाचे लेखी रूप)



खेळाडूंची नावे आपल्या मुलांना तोंडपाठ असतात. पण तो खेळ आपल्या घरात आणणाऱ्या समालोचकांबद्दल आपण क्वचितच बोलतो. म्हणून आज त्यांच्याविषयी चार शब्द.

दिल्लीत मुरलेल्या मंडळींना जसदेव सिंग यांची ओळख करून द्यायला नको. १९५५ मध्ये जयपूर आकाशवाणीवर रुजू झालेला हा माणूस १९६३ पासून वर्षानुवर्षे राजपथावरच्या संचलनाचे वर्णन करत राहिला. १९७५ मध्ये क्वालालंपूरला आपण पाकिस्तानला २-१ ने हरवून हॉकीचा विश्वचषक जिंकलो, तो सामना कित्येकांनी त्यांच्याच आवाजात ‘पाहिला’. पुढे दूरदर्शन, नऊ ऑलिंपिक, २००८ मध्ये पद्मभूषण. २०१८ मध्ये ते गेले. तिकडे महाराष्ट्रात बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवर क्रिकेट मराठीत बोलते केले. ते स्वतः रणजी खेळलेले. २०१५ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

रेडिओवर सगळेच सांगावे लागते. टीव्हीवर मात्र चेंडू सीमापार गेलेला आम्हाला दिसतोच की! का गेला ते सांगावे, नाहीतर गप्प बसावे. ऑस्ट्रेलियाचे रिची बेनॉ यांचे नाव झाले ते बऱ्याच अंशी या गप्प बसण्यामुळे. आपल्याकडे ही कला फारशी रुजली नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

आता आपल्यासारख्याच एका ‘बाहेरच्या’ मराठी माणसाकडे वळतो. हर्षा भोगले. जन्म १९६१, हैदराबादचे मराठी घर, वडील फ्रेंचचे प्राध्यापक. केमिकल इंजिनिअर झाले, अहमदाबादच्या आयआयएममध्ये शिकले. पण कॉलेजात असतानाच आकाशवाणीवर बोलू लागले होते. १९९१-९२ च्या दौऱ्यात ऑस्ट्रेलियन रेडिओने त्यांना बोलावून घेतले. एकही कसोटी न खेळता केवळ अभ्यासावर हा माणूस गावसकर, शास्त्री यांच्या शेजारी बसला. माजी कसोटीपटू नसलेल्याला ही खुर्ची आज कितपत मिळते, ते आपण पाहतोच.

२०१६ मध्ये आयपीएलच्या तोंडावर भोगले यांना समालोचनातून अचानक वगळले गेले. कारण आपल्याला सांगितलेले नाही, असे त्यांनी स्वतःच जाहीर केले. काही वर्षांनी ते परतले. २०१९ च्या विश्वचषकात संजय मांजरेकर यांनी रवींद्र जडेजाबद्दल एक टोचरे विधान केले. जडेजाने उपांत्य सामन्यात ७७ धावा करून उत्तर दिले आणि मांजरेकरांनी ते मोकळेपणाने मान्यही केले. खेळात एवढ्यावर विषय मिटायला हवा. तरीही मार्च २०२० मध्ये बीसीसीआयच्या समालोचकांत त्यांचे नाव नव्हते. त्याआधी, २०११ मध्ये गावसकर आणि शास्त्री बीसीसीआयशी करारबद्ध असल्याचे वृत्तपत्रांतून उघड झाले होते.

आम्ही रेल्वेवाले रुळांची तपासणी करतो. उद्या तपासणाऱ्याचा पगार ठेकेदारच देऊ लागला, तर त्या सहीवर विसंबून तुम्ही गाडीत बसाल का? समालोचकाचे नेमके हेच होते. गावसकरांची जाण वादातीत आहे. पण बोर्डाचा निर्णय चुकला असेल तेव्हा त्यांच्या मौनाचा अर्थ काय लावायचा, हे प्रेक्षकाला कळत नाही. हे मौन बेनॉचे नव्हे!

एक आनंदाची गोष्ट सांगून थांबतो. २०२३ च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमावर मराठी समालोचन आले. केदार जाधव तिथे बोलत होते आणि हंगामाच्या मध्येच बंगळुरूच्या संघाने त्यांना चक्क खेळायला बोलावले! इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या कानावर शाळेत हिंदी आणि इंग्रजीच पडते. सामना तर ती पाहणारच आहेत. भाषेचा पर्याय तेवढा मराठीवर ठेवून द्या.

आरतीची तयारी झालेली दिसते. गणपती बाप्पा मोरया!