वेळेआधी आलेली मुले

गर्भवासाचे ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मणाऱ्या बालकास वैद्यक अकालजात म्हणते. २०२० साली भारतात अशी सुमारे ३० लक्ष बालके जन्मली. त्यांतील बहुतेक जगतात, वाढतात आणि दप्तर घेऊन शाळेत येतात. परंतु ३२ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्यांपैकी पुष्कळांना एका दमात सांगितलेल्या तीन सूचना ध्यानात राहत नाहीत. गणित विशेष अवघड जाते. शिक्षक त्यास आळस म्हणतात, आणि मूलही तसेच मानू लागते. वस्तुतः उपाय साधे आहेत: सूचना एकेक द्यावी, हिशेब मण्यांनी दाखवावा, उत्तरास अवधी द्यावा. त्यासाठी प्रवेशाच्या वेळी जन्मतारखेबरोबर, मूल किती आठवड्यांचे जन्मले, एवढे विचारले पाहिजे. घाईने जन्मलेल्या मुलाची शाळेने तरी घाई करू नये.