संदर्भवायूची निवड

विहिरीचे पाणी थेट पावसाचे की जवळच्या तलावातून झिरपलेले, हा प्रश्न पंचायतीपुढे येऊ शकतो. बाष्पीभवनामुळे तलावाच्या पाण्यात जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढते. त्यावरून उलगडा होतो. मुंबई उपनगरातील ट्रॉम्बे येथे भाभा अणुसंशोधन केंद्रात समस्थानिकांच्या साह्याने भूजलाचा असा अभ्यास होतो. पाण्याशी समतोल साधलेला कार्बन डायऑक्साइड संदर्भवायूशी ताडून फरक हजारांशांत मोजतात. मात्र सिलिंडरवरील शुद्धतेचा दाखला समस्थानिकांविषयी काहीच सांगत नाही! शिवाय द्रवरूप वायूचे सिलिंडर रिकामे होताना ते प्रमाण किंचित बदलत जाते. म्हणून थोडा वायू निराळ्या पात्रात, वायुरूपातच साठवून, व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने पुरविलेल्या प्रमाण-पाण्याच्या आधारे पडताळावा लागतो. ही पडताळणी चुकली, तर पावसाची विहीर कागदोपत्री तलावाची ठरते.