हृदयविकार : घाई कुठे करावी, कुठे करू नये

(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आम्ही डॉक्टर नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. कला शाखेची पदवी घेऊन आम्ही बँकेत कारकून म्हणून लागलो आणि गेली वीस-बावीस वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला बसून आहोत. हृदयविकारासारख्या विषयावर या माणसाने काय बोलावे, असा प्रश्न कार्यकारिणीच्या बैठकीत एकाने विचारलाही. प्रश्न रास्त होता. परंतु दवाखान्याचा खर्च काउंटरवरच्या माणसाला फार जवळून दिसतो. मुदत ठेव मुदतीआधी मोडायला आलेला गृहस्थ, पाटल्या तारण ठेवायला आलेली बाई, यांना "काय झालं?" म्हणून विचारले की पुष्कळदा एकच उत्तर मिळते, "ब्लॉकेज निघालेत."

पण आम्ही या विषयाचे वाचन सुरू केले ते बँकेमुळे नव्हे. त्याचे कारण घरातले आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे बोलणे आम्हाला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

२०१८ च्या मे महिन्यात आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, एका हळदीच्या जेवणाहून घरी आले. वय एक्कावन्न, कारखान्यात फिटर. रात्री साडेअकराच्या सुमारास छातीवर कुणी जाते ठेवल्यासारखे वाटू लागले, डावा हात जड झाला, पंखा चालू असून अंगाला दरदरून घाम सुटला. मटण झाले होते, तेव्हा पित्तच, असे घरात ठरले. सोडा झाला, ओवा झाला, बाम झाला. साडेबारा वाजता अक्काने आम्हाला फोन केला. आम्ही झोपेत होतो. "जेवण अंगावर आलं असेल, झोपू दे त्यांना, सकाळी बघू," असे आम्हीच फोनवर म्हणालो. पदवीधर भावाचा सल्ला अक्काने मानला. सकाळी जवळच्या एका छोट्या दवाखान्यात नेले, तर तिथला ईसीजी काढणारा माणूस नऊ वाजता यायचा होता. मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत साडेनऊ वाजले. म्हणजे दहा तास. दाजी वाचले. पण हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग कायमचा निकामी झाला. दोन जिने चढले की त्यांना धाप लागते. कारखाना सुटला.

त्या दहा तासांत नेमके काय होत होते, हे समजून घ्यावे म्हणून आम्ही वाचू लागलो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या आतल्या भिंतीवर वर्षानुवर्षे चरबीचा थर साचत असतो. एखाद्या दिवशी तो थर फाटतो, त्या जागी रक्ताची गुठळी धरते आणि धमनी बंद होते. तिच्या पलीकडचा स्नायू मग मिनिटामिनिटाने मरू लागतो. गुठळी जितक्या लवकर विरघळेल किंवा दूर होईल तितका स्नायू वाचतो. गेलेला स्नायू परत येत नाही. या रोगातला सगळा घाईचा हिशेब एवढाच आहे.

गुठळीवर औषध चालते, हे मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाले ते १९८८ साली. 'आयसिस-२' या नावाच्या चाचणीत १६ देशांतील ४१७ रुग्णालयांतून १७ हजार १८७ रुग्ण घेतले होते. काहींना ॲस्पिरिन दिली, काहींना गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज, काहींना दोन्ही, आणि काहींना दोन्हींपैकी काहीच नाही. पाच आठवड्यांत काहीच न मिळालेल्यांपैकी १३.२ टक्के हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणाने दगावले. दोन्ही मिळालेल्यांपैकी ८ टक्के. म्हणजे शंभरामागे पाच माणसे अधिक वाचली, आणि तीही एक स्वस्त गोळी व एक सलाईन यांच्या बळावर.

याच चाचणीतली एक गंमत विद्यार्थ्यांसाठी सांगतो. संशोधकांनी रुग्णांची जन्मतारखेवरून राशीनुसार विभागणी केली. तेव्हा असे दिसले की मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिनचा उपयोग झाला नाही, उलट किंचित अपायच झाला, आणि बाकीच्या दहा राशींना मात्र उत्तम गुण आला! हे त्यांनी गंभीरपणे छापले, पण ते डॉक्टरांना सावध करण्यासाठी. आकड्यांचे हवे तितके तुकडे पाडले की त्यांतून हवे ते निघते. कारकून माणसाला हे निराळे सांगावे लागत नाही. मार्चअखेरीस आम्ही ते दरवर्षी पाहतो.

आता आपल्या देशाकडे येऊ. भारतातील ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांत आलेल्या २० हजार ४६८ रुग्णांची पाहणी, 'क्रिएट' या नावाने, २००८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. धमनी पूर्ण बंद होऊन येणारा जो मोठा झटका, त्याच्या रुग्णांना दुखू लागल्यापासून रुग्णालयात पोहोचायला लागलेला मधला काळ ३६० मिनिटे निघाला. म्हणजे निम्मे लोक सहा तासांनंतर पोहोचले. आमचे दाजी एकटे नव्हते.

पण या पाहणीतला जो आकडा आम्ही वहीत दोनदा लिहून घेतला, तो पुढचा आहे. तीस दिवसांत गरीब रुग्णांपैकी ८.२ टक्के मरण पावले आणि सधनांपैकी ५.५ टक्के. यावर कुणी म्हणेल की गरिबाची प्रकृतीच तशी, व्यसने तशी, तो येतोही उशिरा. संशोधकांनी तेही तपासले. रुग्णांच्या प्रकृतीतले आणि धोक्याच्या कारणांतले फरक हिशेबात घेऊनही दोन वर्गांतली तफावत गेली नाही. मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात घेतला तेव्हा मात्र ती नाहीशी झाली. गरिबाला औषधे कमी मिळाली, अँजिओप्लास्टी कमी मिळाली, म्हणून तो अधिक मेला. यात दैव, प्रारब्ध असे काही नाही. हा वाटपाचा प्रश्न आहे.

हेच पुढे अधिक मोठ्या प्रमाणावर दिसले. १७ देशांतल्या दीड लाखाहून अधिक लोकांच्या 'प्युअर' पाहणीचा अहवाल २०१४ साली आला. धोक्याची कारणे श्रीमंत देशांत सर्वांत जास्त आणि गरीब देशांत सर्वांत कमी आढळली. पण हृदयविकार, पक्षाघात असे मोठे आजार झालेल्यांपैकी मरणाऱ्यांचे प्रमाण श्रीमंत देशांत ६.५ टक्के, तर गरीब देशांत १७.३ टक्के होते. त्या पाहणीत आपला देश गरीब गटात धरलेला होता.

धोक्याची कारणे हा शब्द आला, म्हणून त्याविषयी थोडे बोलतो. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून ५ हजार २०९ स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षे तपासणी करून हा विचार पुढे आला. भारतासह ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात, डॉ. सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखाली, २००४ साली असे दिसले की पहिल्या झटक्याचा पुरुषांतला ९० टक्के आणि स्त्रियांतला ९४ टक्के धोका अवघ्या नऊ गोष्टींशी बांधलेला आहे. तंबाखू, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, सुटलेले पोट, मनावरचा ताण, फळे-भाज्यांचा अभाव, बसून राहणे ही त्यांतली मुख्य नावे. नववी गोष्ट मद्याची होती. थोडे मद्य हृदयाला बरे, असे त्यात दिसले होते, परंतु नंतरच्या संशोधनाने त्यावर बरीच शंका घेतली आहे, तेव्हा त्याचा आधार कुणी घेऊ नये. दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका येण्याचे सरासरी वय ५३ निघाले. इतर देशांत ते सुमारे ५९ होते. घर चालवणारा माणूस सहा वर्षे आधी कोसळतो. मुलांची कॉलेजची फी, घराचे हप्ते, सगळे याच सहा वर्षांत असते.

तंबाखूविषयी मात्र आम्हाला थांबून बोलायचे आहे, कारण आपल्या वस्तीत सिगारेट ओढणारे थोडे, आणि मळून खाणारे, मशेरी लावणारे पुष्कळ. "आम्ही ओढत नाही, नुसती दाढेला धरतो," असे सांगणारी माणसे या सभागृहातही असतील. इंटरहार्टमधलाच तंबाखूचा वेगळा अभ्यास २००६ मध्ये आला. तंबाखू चघळणाऱ्यांना झटक्याचा धोका दुपटीहून अधिक, विडी ओढणाऱ्यांना जवळजवळ तिप्पट, आणि ओढणे व चघळणे दोन्ही करणाऱ्यांना चौपट आढळला. माता-भगिनींनी मशेरीचा विचार याच रांगेत करावा. स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक. त्यांना छातीतल्या कळेऐवजी नुसती धाप, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणे, कमालीचा थकवा असेही होऊ शकते, आणि घरकामाने दमली असेल म्हणून ते सोडून दिले जाते.

आता घाईच्या दुसऱ्या बाजूकडे वळतो. आमच्या शाखेतले एक सहकारी वर्षाच्या तपासणीला गेले. छातीत दुखणे नाही, रोज स्टेशनपर्यंत चालत येणारा माणूस. पट्ट्यावर चालण्याच्या चाचणीत दोष निघाला, पुढे अँजिओग्राफी झाली, आणि "दोन ब्लॉकेज आहेत, आजच करा, उद्याची खात्री नाही," असे त्यांना टेबलावरच सांगण्यात आले. बायको बाहेर बाकावर रडत होती. पैसे जमायचे होते म्हणून ते एक दिवसाची मुदत मागून घरी आले. दुसऱ्या दिवशी ठेव मोडण्याचा अर्ज त्यांनी आमच्याच हाती दिला. आम्ही त्यांना एवढेच म्हटले की दुसऱ्या डॉक्टरला एकदा कागद दाखवा. दुसऱ्या डॉक्टरने कागद पाहिले, अर्धा तास बोलले आणि औषधे सुरू केली. ठेव अजून आहे. गृहस्थही आहेत.

हा योगायोग नव्हे. २००७ साली 'करेज' नावाच्या चाचणीत २ हजार २८७ स्थिर रुग्णांपैकी निम्म्यांना औषधांबरोबर स्टेंट आणि निम्म्यांना नुसती उत्तम औषधे दिली. मृत्यू व झटका यांत फरक पडला नाही. पुढे भारतासह ३७ देशांतल्या ५ हजार १७९ रुग्णांची 'इस्केमिया' चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१९ च्या अखेरीस जाहीर झाले. आधी अँजिओग्राफी करून स्टेंट वा बायपास केलेल्या गटात १४५ मृत्यू, आधी औषधे दिलेल्या गटात १४४. आम्ही हे वाचले तेव्हा छपाईची चूक असावी असेच वाटले. साचलेले अरुंद जागेचे ब्लॉकेज आणि फाटून गुठळी धरलेली धमनी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यातून आमच्या ध्यानात आले. पुढचा झटका अरुंद दिसणाऱ्या जागीच येईल असेही नाही. औषधे सगळ्या धमन्यांवर काम करतात, स्टेंट एका जागी बसतो.

पण आमचे बोलणे ऐकून कुणी उद्या स्टेंट नाकारू नये. चालू झटक्यात, वेळेत मिळाली तर, अँजिओप्लास्टी हाच सर्वांत चांगला उपचार आहे. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले आणि हृदयाचे काम फार मंदावलेले रुग्ण 'इस्केमिया'त घेतलेच नव्हते. औषधे घेऊनही चालताना छाती भरून येत असेल तर स्टेंटने आराम पडतो, हेही त्याच चाचणीत दिसले. तेव्हा डॉक्टरांना एक प्रश्न शांतपणे विचारावा : हे आयुष्य वाढवण्यासाठी आहे की त्रास कमी करण्यासाठी? चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

पैशाची बाजूही थोडी बदलली आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली. औषधी लेप असलेला स्टेंट २९ हजार ६०० रुपयांवर आला. आपल्या राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही बसतात. योजनेतली रुग्णालये कोणती, त्यांपैकी चोवीस तास हृदयरोगाची सोय कुठे आहे, हे दुखायला लागल्यावर शोधायचे नसते. तमिळनाडूत लहान रुग्णालये मोठ्या रुग्णालयांना जोडून ईसीजी, इंजेक्शन आणि रुग्णवाहिका यांची साखळी बांधली, तेव्हा मोठ्या झटक्यानंतर वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. यंत्रे फारशी नवी नव्हती. कुणी कुणाला फोन करायचा, एवढे आधी ठरलेले होते.

झटक्यानंतरची गोष्ट त्याहून दुर्लक्षित आहे. 'प्युअर'च्याच २०११ च्या अहवालात, हृदयविकार वा पक्षाघात होऊन गेलेल्यांपैकी गरीब देशांत ८०.२ टक्के लोक सिद्ध औषधांपैकी एकही घेत नव्हते. श्रीमंत देशांत हे प्रमाण ११.२ टक्के होते. आमच्या दाजींनीही दोन वर्षांनी, "आता बरं वाटतंय," म्हणून गोळ्या सोडल्या होत्या. आणि उलट, काही धडधाकट मंडळी वर्तमानपत्रात वाचून मनाने रोज ॲस्पिरिन घेतात. २०१८ मध्ये १९ हजारांवर निरोगी वृद्धांच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. ज्याला हवी तो सोडतो, ज्याला नको तो खातो, असा आपला कारभार आहे.

दाजींच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या त्या आमच्या भाचीने. ती बारावीला आहे. तिने पुठ्ठ्यावर चार गोळ्यांच्या वेळा लिहून तो मोरीच्या भिंतीला लावला आहे. खाली मोठ्या आकड्यांत १०८ आणि ज्या रुग्णालयात रात्री जायचे त्याचे नाव आहे. सगळ्यांत खाली तिने लिहिले आहे, 'मामाला नंतर फोन करणे.' ते आम्ही वाचले, आणि काही बोललो नाही.

हे भाषण तयार करताना आम्ही त्या घरी राशींची गंमत सांगितली. दाजींची खरी जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही. मास्तरांनी शाळेत नाव घालताना सगळ्या पोरांची लिहिली तशी त्यांचीही १ जून लिहिली आहे. भाचीने लगेच हिशेब केला, "म्हणजे बाबा मिथुनचे. त्यांना ॲस्पिरिन चालायची नाही!" दाजी हसले, आणि नाश्ता झाल्यावर पुठ्ठ्याकडे बघून त्यांनी ती गोळी घेतली.