कचेरींतील जोडपें

कचेरींत दोन माणसांचें मन जुळलें कीं ती वार्ता सर्वांत आधीं चहा आणणाऱ्या पोऱ्याला कळते, मग शेजारच्या टेबलाला, मग साऱ्या शाखेला. आणि ज्या वरिष्ठांनीं तिची दखल घ्यावयाची त्यांच्या कानीं ती सर्वांच्या शेवटीं जाते. कानीं गेल्यावरहि ते बहुधा स्वस्थ बसतात. ‘हा त्यांचा खाजगी प्रश्न आहे,’ असें म्हणून पुन्हा कागदांत डोकें घालतात. हें म्हणणें मोठें उदारपणाचें वाटतें. पण पुष्कळदां त्याच्या मुळाशीं उदारपणापेक्षां संकोचच अधिक असतो. मग एके दिवशीं हाच अधिकारी एकाएकीं संतापतो आणि दोघांच्याहि बदलीचा कागद वर पाठवतो. आधींचें मौन आणि नंतरचा संताप यांच्यामध्यें जें एक साधें काम करावयाचें होतें, तें मात्र राहून जातें.

तें काम कोणतें हें समजण्यासाठीं दोष कोठें आहे तें आधीं पाहिलें पाहिजे. दोन सज्ञान माणसांनीं एकमेकांवर प्रेम करणें हा कांहीं दोष नव्हे. पति-पत्नी दोघेंहि सरकारी नोकरींत असल्यास त्यांना शक्यतों एकाच ठिकाणीं नेमावें, असें धोरण केंद्र सरकारनें १९८६ सालींच जाहीर केलें. आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या निघाल्या कीं ‘पति-पत्नी एकत्रीकरण’ हा शब्द महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं ऐकूं येतो. एकाच शाळेंत नवरा-बायको शिकवतात, मधल्या सुटींत एकत्र डबा खातात, आणि तेवढ्यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. बिघडतें तें निराळ्या ठिकाणीं. एकानें उशिरां यावें आणि दुसऱ्यानें हजेरीपटावर त्याची सही ठोकून ठेवावी. घरचें भांडण टेबलावर यावें आणि दोन दिवस या शाखेचा कागद त्या शाखेकडे जाऊं नये. बैठकींत एकानें सूचना मांडावी व दुसऱ्यानें ती न ऐकतांच मान डोलवावी. गोपनीय अहवाल एकाच्या हातीं यावा आणि संध्याकाळपर्यंत तो दुसऱ्याला पाठ असावा. यांतील एकाहि गोष्टीचा प्रेमाशीं अटळ असा संबंध नाहीं. दोन जिवलग मित्र हेंच करूं शकतात, आणि मामा-भाचे तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हें करीत आले आहेत! मग दोष प्रेमाचा कसा म्हणावयाचा? दोष कामांतील अप्रामाणिकपणाचा आहे, आणि त्याची झळ लागते ती त्या दोघांना नव्हे. शेजारीं मान खालीं घालून काम करणाऱ्या तिसऱ्या माणसाला.

हा तिसरा माणूस सर्वांत अधिक केव्हां भरडला जातो? दोघांपैकीं एकाची बढती दुसऱ्याच्या हातीं असते तेव्हां. याचें मोठें बोधप्रद उदाहरण अमेरिकेंत, वॉशिंग्टन येथील जागतिक बँकेंत घडलें. २००५ च्या जून महिन्यांत पॉल वुल्फोविट्झ हे त्या बँकेचे अध्यक्ष झाले. त्यांचा ज्यांच्याशीं स्नेह होता त्या शाहा रिझा या बाई कित्येक वर्षें आधींपासून त्याच बँकेच्या नोकरींत होत्या. आपल्या माणसाच्या हाताखालीं आपलें माणूस नसावें, असा बँकेचा नियम होता. अध्यक्षांनीं हें नातें लपविलें नाहीं. प्रश्न बँकेच्या नीति-समितीपुढें गेला. बाईंना अध्यक्षांच्या हुकमतीबाहेर न्यावें आणि त्यामुळें त्यांच्या नोकरीची जी हानि होईल तिची भरपाई करून द्यावी, असा सल्ला समितीनें दिला. सल्ला समंजस होता. बाईंनीं कांहीं गुन्हा केला नव्हता, जागा सोडण्याची त्यांची इच्छाहि नव्हती. मग नुकसान त्यांनींच कां सोसावें?

येथवर सारें सुरळीत होतें. पण त्या भरपाईच्या अटी काय असाव्यात हें अध्यक्षांनीं स्वतःच ऑगस्ट महिन्यांत कर्मचारी-विभागाच्या प्रमुखांना लेखी कळविलें, आणि तेथें सारें फसलें. बाईंना बँकेच्याच खर्चानें अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यांत पाठविण्यांत आलें. त्यांचा वार्षिक पगार सुमारें १,३२,००० डॉलर होता, तो पुढें सुमारें १,९३,००० डॉलरपर्यंत चढला. म्हणजे त्या खात्याच्या मंत्री कोंडोलीझा राईस यांच्या पगाराहूनहि अधिक. २००७ च्या एप्रिलांत हें उघडकीस येतांच बँकेच्या नोकरवर्गांत असंतोषाचा भडका उडाला. ज्या अध्यक्षांनीं गरीब देशांतील लांचलुचपतीविरुद्ध मोहीम चालविली होती, त्यांच्याच दारांत हा प्रकार! त्यांनीं चुकीची जाहीर कबुली दिली, पण उपयोग झाला नाहीं. त्यांनीं नियमभंग केला असा निष्कर्ष संचालकांच्या गटानें काढला. १७ मे रोजीं त्यांचा राजीनामा जाहीर झाला आणि जूनअखेर ते पायउतार झाले.

वुल्फोविट्झ यांच्या बाजूनें एक म्हणणें होतें, तेंहि ऐकलें पाहिजे. भरपाई द्या असें समितीनेंच सांगितलें, आपण तें अंमलांत आणलें, असें ते म्हणत. हें अगदींच खोटें नव्हे. समितीनेंहि पुढचें काम दुसऱ्या कोणावर सोंपवून त्यावर लक्ष ठेवावयास हवें होतें. नातें उघड होतें, नियम होता, समिति होती, सल्लाहि होता. परंतु जो हात दूर राहावयाचा तोच हात कागदावर चालला. जेथें नातें लपविलें जातें तेथें तर इतकीहि वाट पाहावी लागत नाहीं. २०२५ च्या सप्टेंबरांत नेस्ले या स्विस कंपनीनें आपल्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला तत्काळ काढून टाकलें, तें थेट हाताखालच्या व्यक्तीशीं असलेलें प्रेमसंबंध त्यानें कळविलें नाहींत म्हणून.

आतां जागतिक बँक कोठें आणि पंचवीस टेबलांची कचेरी कोठें! पण लहान कचेरीच्या प्रमुखालाहि यांतून पुष्कळ घेतां येईल. त्यानें दोघांना एकत्र बोलावूं नये. तसें केल्यास तीं दोघें एका बाजूला आणि प्रमुख दुसऱ्या बाजूला, असा सामना उभा राहतो. एकेकाला स्वतंत्र बोलवावें, दार लावून बोलावें, आणि बोलावें तें कामाविषयीं. ‘तुमचें काय चाललें आहे तें मला ठाऊक आहे,’ या वाक्यानें सुरुवात झाली कीं संभाषण तेथेंच संपलें म्हणून समजावें. त्याऐवजीं, ‘गेल्या सोमवारीं आणि बुधवारीं तुम्ही साडेअकराला आलांत, पण हजेरीपटावर सही दहाची आहे आणि अक्षर तुमचें नाहीं, याचा खुलासा करा,’ असें म्हणावें. तारीख आणि वेळ यांच्यापुढें रुसवा टिकत नाहीं. दुसऱ्यालाहि तेंच, त्याच शब्दांत सांगावें. कारण पुरुषाला चहा पाजून समजवावयाचें आणि बाईला मात्र उपदेश करावयाचा, ही रीत अजून पुरती गेलेली नाहीं. बोलणें झालें कीं चार ओळींचें टिपण करून ठेवावें. टिपणांत प्रेम हा शब्द येण्याचें कारण नाहीं.

इतक्यानें बहुतेक ठिकाणीं भागतें. न भागल्यास, किंवा एक दुसऱ्याचा वरिष्ठ असल्यास, रजा, वेतनवाढ व गोपनीय अहवाल हीं तीन कामें आधीं तिसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावीं. बदलीचा विचार त्यानंतर. आणि बदली करावयाचीच तर कोणाची? व्यवहारांत याचें उत्तर जणूं ठरूनच गेलें आहे: खालच्या जागेवरच्या माणसाची, आणि खालच्या जागेवर बहुधा स्त्री असते. स्त्रीच्या घरसंसाराची किंमत तिच्याच नोकरीनें भरावी हा जुना प्रघात आहे. परराष्ट्र सेवेंतील स्त्रीला लग्नापूर्वीं सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागे. पुरुषाला तशी अट नव्हती. सी. बी. मुथम्मा यांच्या दाव्यांत १९७९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें या वृत्तीवर कडक ताशेरे ओढले, आणि तो नियमहि सरकारनें मागें घेतला. म्हणून बदलीपूर्वीं दोघांनाहि विचारावें, कोणी आपण होऊन जाण्यास तयार असेल तर उत्तमच. नाहींतर ज्याच्या हातीं अधिकार आहे त्याला हलवावें. हें अवघड आहे, वरिष्ठांना हलवणें कोणाला सोपें वाटतें? तथापि निदान, जी जाईल तिची जागा, तिचा पगार आणि तिची ज्येष्ठता अबाधित राहील, एवढें तरी पाहावें.

पुढें तीं दोघें विभक्त झालीं तर प्रसंग आणखी नाजुक होतो, आणि नेमका तेव्हां प्रमुख सुटकेचा निःश्वास टाकून निश्चिंत होतो! काल जी भेट हवीशी होती ती आज नकोशी असते. टेबलें मात्र शेजारींच राहतात. त्या बाईनें त्रासाची तक्रार आणली, तर ‘आधीं तुमचेंच जुळलें होतें ना,’ असें म्हणून ती परतवूं नये. दहा किंवा अधिक माणसें असलेल्या कचेरींत अंतर्गत समिति नेमणें २०१३ च्या कायद्यानें बंधनकारक केलें आहे, आणि तिची अध्यक्ष स्त्रीच असते. तक्रारीस घटनेपासून तीन महिन्यांची मुदत आहे. कारण पटल्यास समिति ती आणखी तीन महिने वाढवूं शकते. तक्रार त्या समितीकडे त्याच दिवशीं पाठवावी, आणि टेबल हलवावयाचें असेल तर कोणाचें हलवावें हें आधीं तिला विचारावें.