पोरांनी उचलावं असं मुखपृष्ठ

मलकापूरपासून आंब्यापर्यंत, वाड्यावस्त्यांवर रेडिओ लावून बसलेल्या सगळ्या आक्का, काकी, वहिनी आणि मैत्रिणींना आमच्या बचत गटाचा नमस्कार. भाकरी थापता थापता ऐकलंत तरी चालेल.

आजचा विषय जरा वेगळा आहे. मुलांची मासिकं, शाळेची हस्तलिखितं आणि स्नेहसंमेलनाच्या डीव्हीडी यांचं मुखपृष्ठ कसं करायचं, हे आम्ही सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायकांचा आणि याचा संबंध काय? संबंध असा, की पापड-लोणच्याला जोड म्हणून आमच्या गटानं कर्ज काढून रंगीत प्रिंटर आणि लॅमिनेशनचं मशीन घेतलं. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा घरोघरी डीव्हीडी प्लेअर होते. एका शाळेनं पहिलंच काम दिलं: स्नेहसंमेलनाच्या डीव्हीडीची साठ कव्हरं आणि मुलांच्या हस्तलिखिताच्या शंभर छापील प्रती. आम्ही खूश झालो आणि दोन्ही कामं बिघडवून बसलो.

आधी हस्तलिखिताचं सांगतो. आम्हाला वाटलं, मुलांचं म्हणजे रंगीबेरंगी पाहिजे. इंटरनेटवरून फुगे, परी, जोकर, इंद्रधनुष्य, पिवळ्या केसांची मुलगी, अशी सात-आठ चित्रं घेतली आणि एकाच पानावर दाटीवाटीनं बसवली. वर नक्षीच्या सोनेरी अक्षरात नाव. मोबाईलवर झकास दिसत होतं. छापून आलं तेव्हा पोपटी रंग मळकट, निळा जांभळट आणि कापताना नावाच्या वेलांट्याच उडालेल्या. शंभर प्रती वर्गात ठेवल्या, तर पोरं शेजारच्या दुकानातली चिप्सची पाकिटं बघत बाहेर. पुन्हा छापायचा खर्च गटाच्या खात्यातून गेला. त्या महिन्याच्या बैठकीत कुणी चहासुद्धा घेतला नाही.

मग आम्ही त्या पाकिटांकडेच नीट बघितलं. दुकानदार ती पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगतो. लांबून एकच रंग, एकच मोठं चित्र आणि एकच नाव दिसतं. पुस्तकं मात्र कपाटात, वरच्या फळीवर, कुलपात. आपल्या मुलाला वाचनाची आवड नाही असं म्हणण्याआधी पुस्तक त्याला दिसतं का, हे बघायला हवं.

त्यानंतर जुने अंक काढले. काहींच्या माहेरी ‘चांदोबा’ होते. ‘चांदोबा’ मद्रासचा. १९४७ साली तो तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झाला आणि पुढं मराठीत आला. त्यातला विक्रम आणि वेताळ आठवतो ना? तलवार घेतलेला राजा आणि खांद्यावर वेताळ. शंकर नावाच्या चित्रकाराचं ते चित्र. अंगावर काटा यायचा आणि तरी पान उलटावंसं वाटायचं. दुसरं मासिक आपल्या बालभारतीचं ‘किशोर’. ते नोव्हेंबर १९७१ पासून निघतं, आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलेत. गटाच्या बैठकीत आम्ही एकेक मुखपृष्ठ मोबाईलवर उघडून बघितलं. मनात राहिली ती बहुतेक एकाच प्रसंगाची होती. कुणीतरी काहीतरी करतंय आणि आता पुढं काय होणार, असं वाटायला लावणारी.

आणि कोल्हापूरच्या माणसाला हे बाहेरून शिकायला कशाला पाहिजे? आपल्या बाबूराव पेंटरांनी १९२० नंतर आपल्या मूकपटांची पोस्टरं स्वतः रंगवली. वाचता न येणाऱ्यालाही भिंतीवरचं चित्र बघून सिनेमा काय आहे ते कळावं, अशी. आपलं मुखपृष्ठही तसंच काम करतं. पहिलीच्या पोराला कुठं सगळं वाचता येतं?

आता कामाच्या गोष्टी सांगतो, हाताशी वही असेल तर लिहून घ्या.

चित्र एकच घ्या आणि मोठं घ्या. भिंतीला टेकवून दहा पावलं मागं जा. तिथून कळलं नाही तर बदला. प्राणी असेल तर त्याचे डोळे बघणाऱ्याकडे असू द्या.

रंग तीन-चार पुरेत. मोबाईलचा पडदा उजेडातून रंग दाखवतो. छपाईत निळी, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार शायांतून रंग होतो. म्हणून पडद्यावरचा झगझगीत रंग कागदावर तसाच उतरत नाही. आधी एक प्रत छापून बघा, मग बाकीच्या. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं दिसत नाहीत. पिवळ्यावर काळी लांबून दिसतात, स्कूल बसवर असतात तशी. आणि रंगांची जोड लावायला घाबरू नका. वाकळ शिवताना कुठल्या तुकड्याशेजारी कुठला ठेवायचा, हे आपल्याला कुणी शिकवलं होतं?

अक्षर साधं आणि ठळक ठेवा. नक्षीच्या फॉन्टमध्ये ‘ख’ हा ‘रव’ वाटतो आणि लहान मूल तिथंच अडतं. दुसरं म्हणजे मराठी पुस्तकात मूल पाकळीचा ‘ल’ शिकतं, पण कितीतरी फॉन्ट हिंदी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ देतात. फॉन्ट निवडतानाच ही दोन अक्षरं तपासा. एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात नेला की जोडाक्षरं फुटतात, तेही छापण्याआधी मोठ्यानं वाचून बघा.

नाव वरच्या भागात घ्या. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर मासिकं एकावर एक लावलेली असतात आणि फक्त वरची पट्टी दिसते. कापायच्या रेषेबाहेर तीन मिलिमीटर रंग जाऊ द्या, आणि अक्षरं मात्र रेषेपासून चांगली आत ठेवा. आमच्या वेलांट्या उडाल्या त्या हे माहीत नव्हतं म्हणून.

डीव्हीडीच्या पेटीचं कव्हर उलगडलं की २७३ मिलिमीटर रुंद आणि १८३ उंच असतं. मधली १४ मिलिमीटरची पट्टी म्हणजे पेटीचा कणा. पेट्या रचून ठेवल्या की तेवढीच दिसते, म्हणून शाळेचं नाव आणि वर्ष तिथं हवंच. आता डीव्हीडी मागं पडल्या. संमेलन मोबाईलवर बघतात, पण तिथंही आधी एक छोटं चौकोनी चित्र दिसतं. ते तर बोटाएवढं. तिथं एकच चित्र हा नियम जास्तच लागतो.

आता डीव्हीडीच्या कामात काय चुकलं ते सांगतो, कारण ते पैशापेक्षा मोठं होतं. लावणीवर नाचणाऱ्या एका मुलीचा फोटो आम्ही कव्हरवर टाकला. सुंदर आला होता. साठ घरांत तो गेला. दोन दिवसांनी तिची आई आली. घरात तिला बोलणी खावी लागली होती आणि मुलीचं पुढच्या वर्षीचं नाचणं बंद झालं होतं. ती एवढंच म्हणाली, “आमाला इचारायचं तरी.” आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही तिच्या घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून नियम केला: मुलाचा किंवा मुलीचा फोटो घ्यायचा तर आईवडिलांची लेखी परवानगी घ्यायची आणि मुलालाही विचारायचं. नाहीतर चित्र काढायचं.

पुढच्या वर्षी त्याच शाळेनं पुन्हा हस्तलिखित दिलं, हा त्यांचा मोठेपणा. या वेळी चित्र गटातच काढायचं ठरलं. एकीनं डोंगर, पाऊस आणि डोक्यावर घागर घेतलेली मुलगी काढली. सगळ्यांना आवडलं. आमच्यातल्या वयानं मोठ्या काकी मात्र म्हणाल्या, “घागर कशाला? आपुन वाह्यली न्हवं जलमभर. आता चित्रात तरी नगं.”

बैठक शांत झाली. मग आम्ही जुनी मुखपृष्ठं पुन्हा काढली, आमची स्वतःची धरून. मुलगा झाडावर चढतोय, मुलगी खाली उभी राहून बघतेय. मुलगा सायकलवर, मुलगी मागं बसलेली. आपण कधी हे मोजलंच नव्हतं.

शेवटी घागर गेली. मुलीच्या हातात बॅटरी आली. डोईवर इरलं, मागं घाटातला पाऊस, आणि झाडीतून तिच्याकडे बघणारा गवा. गवा आपल्याकडच्या पोरांना नवा नाही, रात्री शेतात येतोच. छापण्याआधी आम्ही चार कच्ची चित्रं शाळेच्या ओट्यावर मांडली आणि काही न बोलता बाजूला बसलो. मधल्या सुट्टीत पोरं आली ती गव्यापाशीच थांबली. “ही पळणार का न्हाई?” यावरून भांडण लागलं. आम्ही तेच चित्र घेतलं.

पण त्यानं नवी अडचण झाली. आत गव्याची गोष्टच नव्हती! मुखपृष्ठावर दाखवलं आणि आत नसलं तर पोर पुढच्या वेळी हात लावणार नाही. म्हणून गुरुजींना सांगून सातवीच्या मुलांकडून गव्याची गोष्ट लिहून घेतली आणि ती पहिल्या पानावर आली. शंभर प्रतींपैकी एकही वर्गात पडून राहिली नाही. आणि जिच्यामुळं आम्हाला बोलणं ऐकावं लागलं, त्या आईनं आपल्या मुलीसाठी एक प्रत मागून नेली.

शेवटी गटाच्या मैत्रिणींना एक सांगणं. चित्र काढणं, अक्षर लावणं हेही काम आहे, त्याचे पैसे बिलात वेगळे लिहा. आम्ही आधी फक्त कागद आणि शाईचे घेत होतो, कला फुकट. आता चित्र काढणाऱ्या बाईचे पैसे आधी बाजूला काढतो.

आणि घरातल्या सगळ्यांसाठी एक काम. आज संध्याकाळी घरात जे काही मुलांचं पुस्तक असेल ते कपाटातून काढा आणि मुखपृष्ठ बाहेर दिसेल असं, पोराच्या उंचीवर ठेवा. पैसा लागत नाही. काय होतं ते आम्हाला केंद्रावर फोन करून सांगा.