शवागारातील उमेदवारी



न्यायवैद्यकाच्या अध्यापनात ज्याचे उभे आयुष्य गेले अशा माणसाला आपण या वसंतातील व्यासपीठावर बोलावलेत, यात आपले औदार्य आहे तितकेच धाडसही आहे. पत्रिका छापण्यापूर्वी चिटणिसांनी विषयाचे नाव किंचित सौम्य करण्याची सूचना केली होती. परंतु ज्या खोलीची पाटी प्रत्येक शासकीय रुग्णालयात ठळक अक्षरांत लागलेली असते, तिचे नाव सभागृहात उच्चारण्यास आपण का कचरावे, हे मला उमगले नाही. शिवाय माझा विषय मृत्यू नव्हे. शवागारात परिचर म्हणून नव्याने रुजू होणाऱ्या इसमाला काय शिकावे लागते, एवढेच मला सांगावयाचे आहे.

हा इसम तेथे स्वखुशीने क्वचितच येतो. कोणी सेवेत असता निवर्तलेल्या वडिलांच्या जागी अनुकंपा तत्त्वावर लागतो, कोणाची वॉर्डातून बदली होते. आणि दोघेही घरी सांगतात ते इतकेच, की दवाखान्यात नोकरी आहे. पहिल्या दिवशी त्याला भय असते ते मृतांचे. दुर्गंधीला नाक थोड्याच वेळात सरावते. खरी परीक्षा आवाजाची. देह कुशीवर वळवताच फुप्फुसांत कोंडलेली हवा कंठातून बाहेर पडते आणि स्पष्ट कण्हल्यासारखा ध्वनी उमटतो; अशा वेळी जुना सहकारी जवळ उभा नसेल, तर नवखा दारापर्यंत पोचलाच म्हणून समजा. मरणोत्तर काठिण्य पापण्या व जबडा येथून आरंभ होऊन क्रमाने पायांपर्यंत उतरते, उन्हाळ्यात ते लवकर येते आणि लवकर जाते, हे आम्ही विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतो. परिचराला ते पुस्तकाविना ठाऊक होते, कारण आखडलेल्या देहाच्या अंगातला सदरा त्यालाच उतरवावा लागतो.

हे भय आठवड्या-पंधरवड्यात ओसरते आणि मग त्याला कळते, की आपली नोकरी मुख्यतः जिवंतांशी आणि दप्तराशी आहे. मृतदेहाच्या अंगठ्याला बांधलेली चिठ्ठी आपण पाहिली नसेल. तिच्यावर नाव, वय, पोलीस ठाणे, अकस्मात मृत्यूचा नोंदणी क्रमांक आणि तारीख असते. शीतपेटीत तपमान सुमारे ४ अंश सेल्सिअस राखलेले असते, तेथील ओलाव्याने शाई पसरते. म्हणून अनुभवी परिचर पेन्सिलीने लिहितो, एक चिठ्ठी अंगठ्याला आणि दुसरी वरच्या कापडाला बांधतो, आणि पेटी उघडताना दोन्ही ताडून पाहतो. हा उपद्व्याप निरर्थक वाटेल त्याने आपल्याकडील नावांचा घोळ ध्यानात घ्यावा. एका गावात अर्धी वस्ती एकाच आडनावाची. विवाहितेचे माहेरचे नाव एक आणि सासरचे दुसरे. आणि अपघाती वा संशयास्पद मृत्यूनंतर दोन्ही घरची माणसे व्हरांड्यात परस्परांकडे पाठ करून बसलेली. भाऊ एक नाव सांगतो, दीर दुसरे. परिचराने कोणाचीही बाजू न घेता क्रमांक विचारावा, मुखदर्शन करवावे, आणि पोलिसांच्या पत्राखेरीज देह कोणाच्याही सुपूर्द करू नये.

‘किती वेळ लागेल, दादा?’ हा प्रश्न त्याला दिवसभर विचारला जातो. अंत्ययात्रा खोळंबलेली असते आणि विलंब त्याच्यामुळे होत आहे अशी सर्वांची समजूत असते. वस्तुतः पोलिसांचा पंचनामा आल्यावाचून शवविच्छेदन होत नाही. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४ आता नव्या संहितेत कलम १९४ झाले, तरी हवालदाराची वाट पाहणे चुकलेले नाही. विवाहानंतर ७ वर्षांच्या आत स्त्रीचा संशयास्पद मृत्यू झाला, तर दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हावी लागते, म्हणजे आणखी एका साहेबाची प्रतीक्षा. सूर्यास्तानंतर शवविच्छेदन नाही हा जुना दंडक २०२१ साली केंद्र शासनाने, पुरेशी साधने असतील तेथे, शिथिल केला. परंतु खून, आत्महत्या, बलात्कार आणि कुजलेला देह ही प्रकरणे सामान्यतः त्या सवलतीबाहेर राहिली. हे सर्व व्हरांड्यातल्या रडणाऱ्या माणसाला दोन वाक्यांत समजावून देण्याचे काम कोणत्याही नेमणुकीच्या हुकुमात लिहिलेले नसते, आणि ते करतो तो चतुर्थ श्रेणीचा नोकर.

आता जे बोलणार आहे ते माझ्या व्यवसायबंधूंना रुचणार नाही. १८३६ साली कलकत्त्यास मधुसूदन गुप्त या वैद्याने रूढीचा रोष पत्करून मानवी देहाचे विच्छेदन केले, म्हणून इतिहास त्याचे नाव गौरवाने घेतो, आणि ते योग्यच आहे. पण तेच शस्त्र प्रतिदिनी हाती घेणारा, कवटीवर करवत चालवणारा, आणि अखेरीस हनुवटीपासून ओटीपोटापर्यंतची शिवण नातेवाइकांच्या दृष्टीस पडू नये म्हणून देह नीट गुंडाळून देणारा परिचर अनेक ठिकाणी विशिष्ट जातींतूनच का येतो, आणि डॉक्टरमजकूर हात न लावता निरीक्षणे का सांगतात, या प्रश्नाला आमची शाखा सोयीस्कर बगल देत आली आहे. शवविच्छेदन वैद्याने स्वतः करावयाचे असते. अहवालावर सही त्याची, साक्ष त्याची. परिचराच्या वाट्याला क्षयाचा संसर्ग आणि शिवताना बोटात शिरणारी सुई येते. हातमोजे, गमबूट, कावीळ-ब ची लस आणि रीतसर प्रशिक्षण ही त्याची मागणी नसून रुजू होण्यापूर्वीची अट असली पाहिजे. ज्याच्या हाती सुई द्यावयाची, त्याला ती धरावी कशी हे अगोदर दाखवले पाहिजे.

चिटणीस घड्याळाकडे पाहत आहेत. श्रोत्यांना शंका असल्यास अवश्य विचाराव्यात; आत्म्याच्या पुढील प्रवासासंबंधीच्या तेवढ्या उद्याच्या वक्त्यांसाठी राखून ठेवाव्यात, कारण त्यांचा विषय वेदान्त आहे आणि माझ्या खात्याचा अधिकार ताबा-पावतीपाशी संपतो.