चांद्रमोहिमेचा पट
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी झालेले भाषण)



या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, याबद्दल मी ऋणी आहे. उपदेशाचे काम अधिकारी व्यक्तींकडे सोपवून मी केवळ एका खेळाची हकिगत सांगणार आहे, आणि अखेरीस एक विनंती करणार आहे.

आमच्या शाळेतील नववीच्या पाच विद्यार्थ्यांनी विज्ञान प्रदर्शनासाठी चांद्रमोहिमेवर पटावरचा खेळ तयार केला. पुठ्ठा, रंगीत कागद, सोंगट्या आणि फासा एवढेच त्याचे साहित्य. खेळातून शिकवण देण्याची रीत आपणांस नवी नव्हे. जुन्या मोक्षपटात शिडी सद्गुणाची असे आणि साप दुर्गुणाचा. मुलांनीही प्रथम तसाच पट आखला. शिडी लाभली की चंद्र जवळ; साप डसला की पुन्हा श्रीहरिकोटा!

पहिली चूक झाली ती माझ्या हातून. मार्गदर्शक या नात्याने मी प्रत्येक घरात एकेक प्रश्न घालावयास लावला. पाचवीची मुले खेळावयास बसविली, तेव्हा त्यांतील एक दहा मिनिटांत उठला आणि म्हणाला, "सर, ही तर चाचणी परीक्षाच आहे." मी निरुत्तर झालो. सारे प्रश्न काढून टाकले.

नंतर चमूतील एक मुलगी म्हणाली, "यान काही फाशाच्या दानावर चंद्रावर पोहोचत नाही." मग मुलांनी चांद्रयान-३ चा अभ्यास केला. १४ जुलै २०२३ रोजी निघालेले हे यान सरळ चंद्राकडे गेले नाही. इंधनाची काटकसर व्हावी म्हणून ते पृथ्वीभोवती अधिकाधिक लांबट कक्षांत फिरत राहिले, ५ ऑगस्टला चंद्राच्या कक्षेत शिरले आणि २३ ऑगस्टला त्याचा अवतरक चंद्रावर अलगद उतरला. एकूण वजन सुमारे ३,९०० किलो. त्यांपैकी बग्गीसह अवतरक सुमारे १,७५० किलो. वजनाचा हा हिशेब हाच खेळाचा गाभा ठरला. प्रत्येक खेळाडूस ठरावीक कवड्या मिळतात. त्यांतून इंधन, उपकरणे आणि पायांची बळकटी विकत घ्यावयाची. उपकरणांचा लोभ धरला की इंधन अपुरे पडते. संकट कोणते यावे हे फासा ठरवितो. त्यास तोंड देण्याची तयारी मात्र ज्याची त्याने करावयाची असते.

खरा वाद पुढे झाला. अवतरक कोसळला तर खेळाडू बाद व्हावा काय? तिघे म्हणाले, व्हावा. दोघांनी ७ सप्टेंबर २०१९ ची आठवण दिली. त्या दिवशी चांद्रयान-२ चा अवतरक कोसळला. तथापि चंद्राभोवती फिरणारे यान काम करीतच राहिले. शास्त्रज्ञांनी चुका शोधल्या. पुढील अवतरकाचे पाय बळकट केले, इंधन वाढविले, आणि उतरण्यासाठीचे क्षेत्र ५०० मीटर चौरसाचे होते ते सुमारे ४ किलोमीटर लांब व अडीच किलोमीटर रुंद केले. अखेर नियम झाला तो असा : ज्याचे यान कोसळेल त्याने कारणाचे पान मोठ्याने वाचावे, आणि ते ज्ञान सर्व खेळाडूंस मोफत मिळावे. पाचवीतील तोच मुलगा या वेळी घंटा होईपर्यंत जागचा हलला नाही.

एकाने चित्रे काढली, एकीने हिशेब मांडला, एकाने नियम लिहिले, एकाने पट जोडला आणि एकीने लहान मुलांना खेळवून त्यांच्या अडचणी टिपल्या. डब्यावर कोणाचे नाव आधी, यावरून दोन दिवस अबोलाही झाला. शेवटी चंद्राभोवती गोलाकार पाच नावे लिहिली गेली. त्यांत पहिले कोणते आणि शेवटचे कोणते, हे कळत नाही.

आता विनंती. या पाचांपैकी एकच विद्यार्थी आपल्या ज्ञातीचा आहे, म्हणून आज पारितोषिक त्याला एकट्याला जाहीर झाले आहे. मंडळाच्या निधीविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे; त्याच निधीतील पुस्तकांवर माझे स्वतःचे शिक्षण झाले. परंतु गेल्या आठवड्यात तो मुलगा मजकडे आला आणि म्हणाला, "सर, हे मी एकट्याने घेतले तर त्या चौघांना काय सांगू?" मजपाशी उत्तर नव्हते. ते आपणांपाशी असेल.

प्रशस्तिपत्रावर पाचही नावे यावीत, आणि रकमेतून या खेळाच्या प्रती छापून शेजारच्या शाळांना द्याव्यात, एवढीच माझी प्रार्थना आहे. नियम आड येत असेल, तर येत्या सर्वसाधारण सभेत त्याचा विचार व्हावा. मुलाने स्वतः होऊन असे विचारावे, यातच त्याच्या घरच्या आणि आपल्या मंडळाच्या संस्कारांचे श्रेय आहे, असे मी मानतो.